निळ्या कवचाची अंडी

दादा,
मी कामावर निघालेय. काल आप्पांनी हट्टाने आपल्या फेझंट पक्ष्यांची अंडी स्वतः निवडून उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली. निम्मी निळी आहेत, पातळ कवचाची. त्यातून पिल्लं निघणं कठीणच. लहानपणी एक निळं चुकून आत गेलं तरी आपल्या पाठीत आप्पांचा धपाटा बसायचा, आठवतं ना?

आप्पा झोपलेत तोवर निळी काढ आणि टोपलीतली तपकिरी ठेव. बोलू काही नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र आता तूच ने, माझं ऐकत नाहीत.

काल मशीनचं झाकण लावताना त्यांनी हळूच विचारलं, "निळं नाही ना गं एकही?"

मी म्हटलं, "एकही नाही, आप्पा."