गाडी विकल्याचं खरं कारण

॥ श्री ॥
छ. संभाजीनगर, ५ जानेवारी २०२६

तीर्थरूप सारजाअक्कास,
धाकट्या पुंजारामचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडं ठीक, तिकडचं कळव. फोनवर तुला ऐकू येत नाय आणि मला ओरडवत नाय, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी माझी बॅटरीची गाडी विकायला काढली. येतील ते पैसे बिडकीनच्या डोळ्यांच्या शिबिराला द्यायचे, गरिबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. कॉलनीच्या मंडळात सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याहून रामकिसनचा फोन आला, बाबा, तुमचा अभिमान वाटतो म्हणाला. पोरगा जन्मात पहिल्यांदा असं बोलला.

गाडीत खोट काही नाय. एका चार्जिंगला अजून सत्तर किलोमीटर जाते. मागच्या महिन्यात भाजीच्या हातगाडीला धडकलो, पण ती हातगाडीच डावीकडून एकाएकी आली. त्याआधी गुलमंडीवर रिक्षा आली, तीही डावीकडून. लोकांना अक्कल म्हणून राहिली नाय. गाडी विकण्याचा आणि त्याचा काही संबंध नाय बरं का.

ठरवल्यापासून मात्र जागेवर बसवत नाय. गाडी पुसतो, चार्जिंगला लावतो, काढतो, परत लावतो. शेजारीण विचारते, काका, काही हरवलं का. तुझ्या तिळाच्या लाडवांची वाट बघतोय. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा,
पुंजाराम


वैजापूर, १० जानेवारी २०२६

चि. पुंजारामास,
सारजाबाईचे पोटभर आशीर्वाद. लाडू पाठवलेत. नातीनं, श्रेयानं वळलेत, म्हणून एक लिंबाएवढा नि एक बोराएवढा. नावं ठेवू नको, गुपचूप खा.

आता कान इकडं कर. चाळीस वर्षं तू दुकानांच्या पाट्या रंगवल्यास. तुझ्या पत्राचा समास मी कधी हललेला पाहिला नाय. दिवाळीच्या पत्रात ओळी दोन बोटं आत सुरू झाल्या होत्या. मला वाटलं, घाईत असशील. ह्या पत्रात तर पार मधूनच. डावा अर्धा कागद कोरा! माझा भाऊ इतका चिकट की पाकिटाच्या मागंही लिहितो, तो कागद वाया घालवील व्हय? आणि वर हातगाडी डावीकडून, रिक्षा डावीकडून. लबाडा, तुला डावीकडचं दिसत नाय.

तुझ्या दाजींनी काचबिंदू असाच लपवला. दोन वर्षं चष्म्यावर ढकललं. पुढं नऊ वर्षं मी त्यांना हाताला धरून फिरवलं. ताटात भाजी कुठं नि भाकरी कुठं, ते मी रोज सांगायची. मला ते पुन्हा बघायचं नाय रे. गेलेली नजर परत येत नाय, पण राहिलेली राखता येते, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. आम्ही उशिरा गेलो. तू आज जा. उलट टपाली लिही, जिवाला घोर लागलाय.

तुझीच,
अक्का


छ. संभाजीनगर, १५ जानेवारी २०२६

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि. लाडू पोचले. बोराएवढे आधी संपले.

व्हय, खरं हाय. वर्ष होत आलं. डॉक्टरकडं गेलो नाय, कारण तो सांगेल ते मग खरंच होईल. आणि रामकिसनला कळलं तर तो मला पुण्याला नेईल नि चौदाव्या मजल्यावर बसवील. तिथं मला कोण ओळखतं? इथं निम्म्या बाजाराच्या पाट्या माझ्या हातच्या. म्हणून मनातल्या मनात देवाला बोललो, गाडी देतो, चार जणांचे डोळे होतील, माझा उजवा तेवढा राहू दे. हसू नको.

गाडी फारूखची सून सगीरा हिनं घेतली. फारूख म्हणजे माझा रंगाच्या कामातला जोडीदार, तुला माहीत आहे. पोरगी बिडकीनकडं कंपनीत जाते. पंचेचाळीस हजार सांगितले, तेवढे दिले. धर्माच्या कामात घासाघीस कशाला, म्हणाली. मला खाली बघावं लागलं.

आता पुढचं ऐक. मंडळ पंचवीस तारखेला शिबिरातच माझा सत्कार करणार आहे. शाल, नारळ, सगळं. रामकिसनही येतोय. चौकात माझा फोटो लागलाय, वर दानशूर असं लिहिलंय, तेही किती भिकार अक्षरात! लोक हात जोडतात, मी गल्ली बदलतो. सकाळपासून तीनदा चहा ठेवला नि तिन्ही वेळा आटवला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. रामकिसनला सांगू नको, तुला आपल्या आईची शपथ.

रागावलीस तरी जीव लावत राहा.
पुंजाराम


वैजापूर, १९ जानेवारी २०२६

चि. पुंजारामास,
आशीर्वाद देते, पण रागानं देते.

शपथ घालून मोकळा झालास! बरं, पाळते. रामकिसनला फोन करत नाय, तसंही तो काय बोलतो ते मला कळणार नाय. पण दुसऱ्यांच्या डोळ्यांना पैसे नि स्वतःच्या डोळ्याला नवस, हे कुठलं शहाणपण? शिबिर समोर, डॉक्टर समोर, आणि हा शाल घेऊन घरी जाणार.

एवढं मात्र खरं, तुझं दान खोटं नाय. ज्यांना दिसायला लागेल, त्यांना खरंच दिसेल. खोटं आहे ते फक्त तू सांगितलेलं कारण. खरं कारण तूच सांग, सत्काराच्या दिवशी. नाय सांगितलंस तर सव्वीसला सकाळच्या येष्टीनं येते नि तुझ्या दारात बसते. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी लई मोठ्यानं बोलते, हे तुझ्या कॉलनीला कळेल.

तुझ्या काळजीनं अर्धी झालेली,
अक्का


छ. संभाजीनगर, २८ जानेवारी २०२६

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि. येष्टीचे पैसे वाचले तुझे.

अध्यक्षांनी शाल डावीकडून पुढं केली. मी आपला उजवीकडं हात जोडून उभा. लोक हसले, त्यांना वाटलं म्हातारा लाजला. फारूखनं मला खांद्याला धरून वळवलं, आणि मग खांदा सोडलाच नाय. त्याला कळलं होतं. मी माईक घेतला. सांगून टाकलं की गाडी मी दानासाठी विकली नाय, डावीकडचं दिसत नाय म्हणून विकली, आणि डॉक्टरला भिऊन दान केलं. कोणी टाळी वाजवली नाय. डॉक्टरांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला नि मला रांगेत बसवलं. सदतिसावा नंबर. शाल अंगावर होती, शेजारच्या म्हातारीनं विचारलं, ताप आलाय का.

डावा गेला, अक्का. उजवा थेंबांवर टिकेल म्हणतात, पण रोज, न चुकता, कायमचे.

घरी आल्यावर रामकिसनच्या हाती तुझं पत्र लागलं. मग एवढंच विचारलं, आत्याला सांगितलं, मला का नाही. मला रडू आलं. पुण्याचं त्यानं काढलंच नाय. थेंबांच्या वेळा मोबाइलमध्ये लावून गेला, आणि त्या वेळेला स्वतः फोनही करतो. तपासणीला सगीरा नेते, माझ्याच गाडीवर, मागं बसवून. गाडीला आवाज नाय, त्यामुळं तिची बडबड सगळी ऐकावी लागते.

पाटी रंगवायच्या आधी आम्ही दोरीनं खडूची रेघ मारायचो. ह्या कागदावर डावीकडं फारूखनं पेन्सिलनं तशी रेघ मारून दिली. तिच्यावर डावं बोट ठेवून एकेक ओळ सुरू केली. सरळ आल्यात का? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून लिहू नको, खरं लिही.

तुझा,
पुंजाराम


वैजापूर, १ फेब्रुवारी २०२६

चि. पुंजारामास,
अनेक आशीर्वाद. ओळी सरळ आहेत. रामकिसनबद्दल लिहिलंस तिथं तेवढ्या दोन आत गेल्यात. डोळे पुसायला बोट उचललं असशील. तेवढं चालतं.

थेंब घातलेस का?

तुझी,
अक्का