लालला एक खाच

ती. आईस,

लांबूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

इथे शिवणकारखान्यात मुकादम रोज सकाळी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतात, "मनात आणलं की जमतं." मीही म्हणतो. तरी गेल्या महिन्यात चाळीस हिरव्या सदऱ्यांची काजं लाल दोऱ्याने केली. मला दोन्ही रंग सारखेच दिसतात, पण हे सांगितलं तर कामावरून काढतील. मुकादम म्हणाले, "तुझं मनच नाही कामात."

शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी मात्र ओळखलं. त्यांनी माझ्या रिळांच्या बुडाला ब्लेडने खाचा पाडून दिल्या. लालला एक, हिरव्याला दोन. आता चाचपून दोरा घेतो, चूक होत नाही.

काल मुकादमांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. म्हणाले, "बघा, याने मनावर घेतलं!" टाळ्या वाजल्या. मला काहीच वाटलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? ताईचा मुलगा चित्रं काढतो ना आता? त्याने झाडाची पानं लाल रंगवली, तर मला मारायचात तसं "लक्ष कुठंय" म्हणून त्याला मारू नका. त्याच्या खडूंना खाचा पाडून द्या.

तुझा,
थोरला