माहा न्याय करा

प्रताप नगर, नागपूर
दि. १८ मे १९७९, शुक्रवार

प्रिय पुष्पाताईस,

मधुकरचा ख्रिस्तात सलाम. दाजींना आणि मुलांना आमची आठवण सांग.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून रागावली असशील. लहानपणी रागावलीस की माझा कान पिळायचीस. अचलपूरहून हात पोचत नाही म्हणून वाचलो.

इकडे ऊन मरणाचं आहे. कोराडीच्या वीजकेंद्रातून येऊन बसमधून उतरतो तेव्हा सदऱ्यावर राख असते. प्रेमिला म्हणते, "तुमाले धुवावं का सदऱ्याले, तेच मले समजत नाही." तू दिलेलं लोणचं कधीच संपलं. कूलरला नवी खस लावली, पण आत घालायला पाणी कुठे आहे?

गोपिका कशी आहे, पोरी कशा आहेत, असं तू विचारलंस. दरवर्षीसारखी जूनमध्ये त्यांच्याच खोलीत उतरेन, असंही लिहिलंस. बऱ्या आहेत. मोठीचे पुढचे दात पडले, नवे येत आहेत.

इथे पत्र संपवून घडी घातली होती. पुन्हा उघडलं.

ताई, त्या खोलीत आता कुणी राहत नाही.

सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे कदाचित मलाही कळेल. आपला भाऊ वामन वारल्यावर चर्चच्या मंडळीने गोपिकेला उपासनालयाच्या आवारातली ती खोली राहू दिली. झाडलोट आणि विहिरीची किल्ली तिच्याकडे दिली. यंदा मार्चपासूनच नळाला पाणी नाही. भिंतीपलीकडच्या झोपड्यांतल्या बाया हंडे घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. गोपिकेने कुणालाही न विचारता फाटक उघडलं. पाळकसाहेब बदलून गेले आहेत, नवे अजून आले नाहीत, त्यामुळे सगळा कारभार पंच कमिटीचे प्रमुख जयवंतराव यांच्या हाती. ते चिडले. बाहेरचे लोक आवारात कशाला, विहीर आटली तर आपल्या माणसांनी काय करायचं, असं म्हणून त्यांनी विहिरीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. म्हणजे गोपिकेचंही पाणी बंद.

मी काही बोललो नाही. विहीर आटेल असं मलाही वाटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

त्या बायांपैकी एक तुळसाबाई. तिचा भाऊ चंद्रभान शहराबाहेर वाडीच्या गोदामांवर ट्रक चालवतो. बहिणीसाठी तो ट्रकमधून पाण्याचा ड्रम आणू लागला. जिने आपल्या बहिणीसाठी फाटक उघडलं तिच्याच पोरी तहानलेल्या कशा ठेवायच्या, म्हणून दोन-चार बादल्या गोपिकेच्या दाराशीही उतरवू लागला. झालं. विधवेच्या दारात परका माणूस, तोही ट्रकवाला! मंडळीत दुसरा विषयच उरला नाही.

अशात गोपिका स्वतःच पंच कमिटीपुढे आली. पदर सावरून दाराशी उभी राहिली. म्हणाली, "मी फिर्याद घेऊन आली जी. विहिरीले कुलूप लावलं. माहा न्याय करा."

जयवंतराव म्हणाले, "विधवेचा न्याय करा असं पवित्र शास्त्रातच आहे. करू." आणि प्रश्न सुरू झाले. हा माणूस कोण? कधीपासून येतो? बादली बाहेर ठेवतो की आत आणून देतो? ती मध्येच म्हणाली, "आन् कुलपाचं काय जी?" तर तो विषय वेगळा आहे, असं सांगून तिला गप्प केलं. ते सांगणारा मीच, ताई. मी सेक्रेटरी ना! सभेत विषय सोडून कुणाला बोलू देत नाही.

शेवटी तिने खोली रिकामी करावी असं ठरत आलं, तेव्हा जयवंतराव माझ्याकडे वळले. "मधुकरराव, ती तुमची भावजय. पण तोंड पाहून न्याय करायचा नसतो. गरिबाचंही नाही आणि घरच्याचंही नाही. तुमचं काय?" शास्त्रात तसं आहेच, तूच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हात वर केला. वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी येऊन मोठ्या तोंडाने सांगितलं, तर प्रेमिलाने ताट समोर आदळलं. "तिनं काय मांगलं होतं, आन् तुमी काय देऊन राहिले?"

मागच्या रविवारी उपासनेनंतर मी ठराव वाचला. 'गोपिकाबाईंचा रीतसर न्याय करण्यात आला असून...' ती पोरींना घेऊन मागच्या बाकावर बसली होती. मी एकदाही वर पाहिलं नाही.

सोमवारी ती गेली. चंद्रभान आणि त्याची बायको वाडीला राहतात, त्यांच्या शेजारची खोली तुळसाबाईने पाहून दिली. आता जयवंतराव म्हणतात, "बघा, शेवटी गेली ना त्याच्याकडेच?" आणि मंडळी माना डोलावते. आपण हाकललं म्हणून ती तिकडे गेली, हे मला स्वच्छ दिसतं. तरी चार माणसं माना डोलावताना पाहिली की वाटतं, आपलंच काही चुकतंय का? डोक्यात नुसता गुंता झाला आहे.

काल वाडीला गेलो. ट्रकांच्या गर्दीतून खोली शोधली. तिने चटई टाकली, तांब्या पुढे केला. "पाणी घ्या भाऊजी." मी म्हटलं, पोरींना घेऊन आमच्या घरी चल. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मी न्याय मांगाले आली होती. तुमी माहा तपास केला. तुमचे भाऊ शास्त्र वाचून दाखवत, तवा मले वाटे, न्याय करनं म्हन्जे त्याच्या बाजूनं उभं राहनं. माह्या समजण्यात चूक झाली का जी?"

घरी येऊन शास्त्र काढून बसलो. विधवेचा न्याय करा असं जिथे जिथे म्हटलं आहे, तिथे तिला पिंजऱ्यात उभं करा असं कुठेच सापडलं नाही. तिला छळणाऱ्याच्या आड या, असाच अर्थ निघतो. पण तोंड पाहू नका हेही आहेच. मग मी कोणतं पाळायचं होतं? की दोन्ही एकच आहे आणि मलाच इतकी वर्षं वाचता आलं नाही? शिवाय उपऱ्याला छळू नका, तुम्हीही उपरेच होता, असं आहे. आपल्या आजोबांना गावच्या विहिरीवर हंडा बुडवू देत नव्हते. उपासनालयाची ही विहीर खणणाऱ्यांत ते होते. ही गोष्ट मीच दरवर्षी मंडळीतल्या मुलांना रंगवून सांगतो, ताई, आणि कुलूप लागलं तेव्हा मला ती आठवली नाही.

वाडीहून निघताना गोपिकेने विचारलं होतं, "किल्ली आता कोनापाशी असते जी?"

मी म्हटलं, "मंडळीकडे."

ठराव वाचून झाल्यावर जयवंतरावांनी ती सेक्रेटरी म्हणून माझ्या हातात दिली होती. गोपिकेशी बोलताना ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तिच्याकडचं पाणी प्यायलो, तेव्हाही.

आज रजा टाकली आहे. कुलूप काढलं तर जयवंतराव मला मंडळीत उभं करणार नाहीत. विहीर खरोखरच आटली तर सगळे मला शिव्या देतील. आणि एवढं करून गोपिका परत येईलच असं नाही. मी हे तिच्यासाठी करणार, त्या हंडेवाल्या बायांसाठी, की फक्त माझा जीव शांत व्हावा म्हणून, तेही मला सांगता येत नाही. पत्राच्या पेटीकडे जाताना वाटेत ते फाटक लागतं. किल्ली बरोबर घेतो आहे. प्रेमिलाने बादलीला दोर बांधून ती दाराशी ठेवली आहे.

तू जूनमध्ये नक्की ये. उतरायचं कुठे, ते मला विचारू नकोस. येऊन विहिरीवर कुलूप आहे का ते पाहा. आणि ताई, माझा न्याय कर. कोणत्या अर्थाने, ते तूच ठरव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा आणि वामनचा भाऊ,
मधुकर