पाचच्या भोंग्यानंतर

प्रिय बाबा,

हे पत्र डब्याच्या पिशवीत, रुमालाखाली ठेवतेय. जेवणाच्या सुट्टीत वाचा आणि एकटेच वाचा. मला तोंडावर बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तीन दिवस झाले, तुमच्यासमोर येते आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत फिरते. आई म्हणते, हिच्या तोंडून वाक्य काढायचं तर पक्कडच हवी. म्हणून लिहितेय. शाळा सुटून वर्ष होत आलं, तेव्हा चुका सांभाळून घ्या. राग मात्र सांभाळून घेऊ नका, तो खरा आहे.

जुन्या घरी तुम्ही कॅलेंडर उलटं करून त्याच्या मागे लिहिलं होतं, आठवतंय? जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. रोजचे अडीच तास बसमध्ये सडतात म्हणालात. कारखान्याजवळ राहायला गेलो की ते सगळे घरचे. मग ते अडीच तास तुम्ही आम्हाला खाऊसारखे वाटलेत. धाकट्या दोघांना खेळायला एक तास. आईबरोबर फिरायला अर्धा तास. माझ्या गणिताला पाऊण तास. उरलेला पाव तास तुमचा स्वतःचा, नुसतं बसायला, असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही सगळे हसलो. आई म्हणाली, "बसा की, बसायला कोण नको म्हणतंय."

म्हणून आलो आम्ही. दोन खोल्या आणि ओटा सोडून या एका खोलीत, खाली दिवसभर पत्रे ठोकणारा माणूस, वर आपण. आईनं पाळणाघरातलं काम सोडलं, तिथली पोरं तिला सोडत नव्हती तरी. आणि मी. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी उभं करून नाव विचारलं. माझं नाव मलाच सांगता येईना. मागून कोणीतरी "मुकी आहे वाटतं" म्हणालं, आणि तेच नाव पडलं. महिनाभर काढला कसातरी, मग जायचं बंद केलं. तुम्हाला ते बाराव्या दिवशी कळलं, तेही आईनं सांगितलं म्हणून. तुम्ही म्हणालात, "बरं, बघू." अजून बघताय.

इथे कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात पाचचा भोंगा झाला की धाकटे दोघे जिन्यात जाऊन बसायचे, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि पहिल्यांदा बाबा कोणाला दिसणार यावरून मारामारी. सहा वाजायचे, सात वाजायचे. साडेसातला तुम्ही यायचात. साहेबांनी थांबवलं, म्हणायचात. जवळ राहतोस ना, तुला काय घाई, असं म्हणतात म्हणे. आई त्या साहेबांना रोज शिव्या घालते, तुमचं ताट झाकता झाकता. जुन्या घरी तुम्ही सव्वासहाला घरात असायचात, बाबा. आता भोंगा होतो आणि धाकटे मान पण वर करत नाहीत.

मंगळवारी, मी शिवण शिकायला जाते त्या काकूंनी मला अस्तराचं कापड आणायला आपल्या जुन्या भागात पाठवलं. तसं कापड तिथल्याच दुकानात मिळतं. मी बसमध्ये बसले होते, आणि कारखान्याच्या थांब्यावर तुम्ही चढलात. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. खरं सांगू, आधी मला आनंद झाला. हाक मारायला तोंड उघडलं, पण बस भरलेली, सगळे बघतील म्हणून मिटलं. तुम्ही शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलात, पिशवी मांडीवर घेतलीत, रुमाल डोळ्यांवर टाकलात आणि पुढचा थांबा यायच्या आत झोपलात. शेजारचा माणूस तुम्हाला उठवायला लागला, उतरायचं राहून जाईल म्हणून. कंडक्टर म्हणाला, "झोपू दे त्यांना. रोजचे आहेत आपले. पहिल्या दिवशी सवयीनं चढले, जुन्या थांब्यावर उतरून तसेच उभे राहिले, मग हसले आणि याच गाडीनं परत. तेव्हापासून रोज जाऊन येऊन झोपतात." बसमधले दोन-चार जण हसले. मीच तुमची मुलगी आहे हे मी कोणाला सांगितलं नाही.

शेवटच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं थांबते. मी धावत जाऊन कापड आणलं. तुम्ही तसेच, तोंड उघडं टाकून. मी चार बाक पुढे बसून परत आले. आपला थांबा यायच्या जरा आधी तुम्ही आपोआप जागे झालात, केस सारखे केलेत आणि उतरलात. मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले. घरात शिरले तर तुम्ही जेवत होतात, आणि मला विचारलंत, "इतका उशीर? कुठे होतीस?"

त्या वेळी मी भिंतीवर डोकं आपटलं असतं. पाणी दिलं तुम्हाला आणि कापडाची घडी घालत बसले. बाबा, तुम्ही दुसरीकडे कुठे जात असतात, तर राग करणं सोपं होतं. दिवसभर कारखान्यात बाटल्यांचा खणखणाट, घरी धाकट्यांचा, खाली पत्र्याचा. गप्प बसायला जागा नाही हे मला कळतं, मी पण मोरीत कडी लावून उगाच बसते. पण मी दहा मिनिटांत बाहेर येते. आणि आत गेले होते हे लपवत नाही. आम्ही सगळं सोडून तुमच्या जवळ आलो, आणि तुम्ही रोज आम्ही सोडलेल्या घरापर्यंत जाऊन येता. एकटे.

आता लिहायचं कारण. उद्या सकाळी आई तुमच्या साहेबांना भेटायला येणार आहे. तुम्हाला सांगायचं नाही असं तिनं मला बजावलंय. नवऱ्याला फुकटात रोज का थांबवून घेता, हे विचारणार आहे. दोन दिवस भांडी घासताना तेच वाक्य घोकतेय. साहेब हजेरीचं बुक उघडून दाखवतील, सुटायची वेळ रोज पाच. सगळ्यांसमोर. तिथे तिचं तोंड कसं होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय, आणि ते मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. म्हणून आज भोंगा झाला की सरळ घरी या. अकरा मिनिटं लागतात, मी चालून बघितलंय. आईला तुम्ही स्वतः सांगा, मी सांगणार नाही. आणि झोप आली असेल तर झोपा. धाकट्यांना घेऊन मी तासभर खाली जाते, पत्रेवाल्याला पण सांगते जरा थांबायला. हो, मी सांगते, बोलून. पण घरात झोपा, बाबा.

रागावलेली, तरी तुमचीच,
मोठी