टॉवेल गुंडाळून केलेली घरखरेदी

डुलुथ, २ मार्च

ती. ऑर्लीनमावशीस,

तुझ्या नॉर्बर्टचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे वाकलो तो बेताचाच. कारण पुढे येईलच.) तुझा नवा खुबा कसा आहे? बसवल्यावर पाचव्याच दिवशी तू पत्ते खेळायला गेलीस आणि चौघींना हरवून आलीस, असं आईने सांगितलं. अभिमान वाटला, नवल मात्र वाटलं नाही. तिकडे युमाच्या उन्हात तुम्ही लोक अंगणात बसून लिंबं तोडत असाल. इथे काल गाडीची दारं गोठून बसली आणि मी मागच्या झाकणातून आत शिरून कामावर गेलो. पण ते असो. तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे, आणि हे पत्र बसूनच वाच.

तर बातमी अशी की आम्ही घर घेतलं! घेतलं म्हणजे, घेतल्यात जमा आहे. वीस तारखेला सह्या. व्हर्नाला सहावा संपत आला, बाळ मेमध्ये, आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना असा की किराण्याच्या पिशव्या वर नेताना मलाच दोनदा बसावं लागतं. त्यात घरमालकिणीने महिनाअखेरीस जागा खाली करायला सांगितली आहे, कारण तिची मुलगी नवऱ्याशी भांडून परत येते आहे. (मुलगी समेट करील म्हणून आम्ही महिनाभर वाट पाहिली. मी तर त्या जावयाला समजावायला जाणार होतो, व्हर्नाने अडवलं.) त्याआधी दोन घरं हातची गेली. एका घरात तर आम्ही कपाटं उघडून बघत होतो, तेवढ्यात खालच्या दिवाणखान्यात ते विकलं गेलं.

तिसरं घर टोइव्हो किनुनेन नावाच्या आजोबांचं. वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षं बंदरावर जहाजांत लोहखनिज भरलं, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, आणि आता लेकीकडे राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलं. दलाल वगैरे काही नाही, फाटकावर स्वतः रंगवलेला फळा: ‘घर विकणे आहे. दोन लाख चार हजार. घंटा वाजवा, दार ठोकू नका.’ घर लहानसं, टेकडीवर. स्वयंपाकघरात स्टुलावर उभं राहिलं की सरोवर दिसतं. व्हर्ना स्टुलावर चढली आणि तिथून उतरेचना. तेव्हाच मी समजलो की घर हेच.

आमच्याकडे डाउन पेमेंटचे साडेदहा हजार डॉलर होते आणि त्याखेरीज नऊशे. मला वाटलं, झालं. मग बँकेतल्या तरुणाने वरखर्चाचा कागद पुढे सरकवला. मावशी, घर घ्यायला घराची किंमत लागते एवढंच मी धरून चाललो होतो. त्या कागदावर कर्जाचा अर्ज तपासायची फी होती, घराची खरी किंमत ठरवायची फी होती, आणि घर नक्की किनुनेनांचंच आहे ना, हे सरकारी दप्तरात शोधायची फी होती. (मी म्हटलं, अहो, पत्रपेटीवर नाव आहे की त्यांचं.) शिवाय शोधूनही चूक निघालीच तर तिचा विमा, वर आगाऊ घरपट्टी, वर वर्षभराचा घराचा विमा. बेरीज सहा हजार नऊशे. म्हणजे आम्हाला बरोबर सहा हजार कमी. व्हर्ना घरी येऊन अंघोळीच्या टबात कपड्यांसकट बसून राहिली. पाणीही सोडलं नाही. मी शेजारी जमिनीवर बसलो.

यावर आमच्या दलालीणबाई मार्लिस यांनी तोडगा काढला. या बाई बोलताना सतत चाव्या शोधत असतात. त्यांचं म्हणणं असं: आजोबांना दोन लाख चार नाही, दोन लाख दहा द्यायचे, आणि त्यांच्याकडून वरखर्चासाठी सहा हजारांचं क्रेडिट मागायचं. मी विचारलं, त्यांना सहा हजार जास्त द्यायचे आणि तेच परत मागायचे? हो म्हणाल्या. मग द्यायचेच कशाला? तर त्या चाव्या शोधायला लागल्या. खरं सांगतो, ते मला त्या दिवशी समजलं नाही, पण समजल्यासारखी मान मात्र मी फार चांगली हलवली.

कागद गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. ‘क्रेडिट’ या शब्दाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि बाजूला जाड अक्षरांत: ‘मी जन्मात उधार घेतलं नाही, कोणाला देणार नाही. किंमत फळ्यावर आहे.’

इथे, मावशी, मी सूत्रं हातात घेतली. वाचनालयातून वाटाघाटींवरची दोन पुस्तकं आणली. दोन्हींचं सार एकच, की समोरच्याची दुखरी नस शोधा. आम्ही घर तपासायला माणूस लावला होता. तो तळघरात गेला, घर तापवणाऱ्या बॉयलरकडे बघून त्याने टोपीच काढली, म्हणाला, असला मी लहानपणी आजोळी बघितला होता. मला हवी ती नस मिळाली! सहा हजार वरखर्चाचे आणि तीन हजार बॉयलरचे, एकूण नऊ हजार मागायचे ठरवले. व्हर्ना म्हणाली, “तू फक्त गप्प बस. तेही तुला जमेल असं नाही, पण निदान करून तरी बघ.” मार्लिसबाई फोनवर काहीतरी ओरडत होत्या, तेही मी मनावर घेतलं नाही. पत्र स्वतः नेऊन आजोबांच्या पेटीत टाकलं.

संध्याकाळी फोन. “किनुनेन बोलतोय. उद्या सहा वाजता या. टॉवेल आणा.” एवढंच. (घेणाऱ्याने विकणाऱ्याशी परस्पर बोलायचं नसतं, असं मार्लिसबाईंनी दहादा बजावलं होतं. पण टॉवेल घेऊन जाण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या.)

त्या तळघरात, बॉयलरच्या पलीकडे, आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला सॉना आहे: लाकडी खोली, दोन पायऱ्यांचं बाक, कोपऱ्यात शेगडीवर तापलेले दगड. व्हर्ना वर कॉफी पीत बसली आणि मी टॉवेल गुंडाळून आत गेलो. आजोबा वरच्या पायरीवर, अंगावर काही नाही, मांडीवर माझं पत्र. मी खालच्या पायरीवर बसायला लागलो तर म्हणाले, “खाली लहान मुलं बसतात.” मी वर गेलो. तिथली हवा श्वासात घ्यायची नसून चावून गिळायची होती.

“नऊ हजार?” आजोबा म्हणाले आणि दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफेने माझे कान वाजायला लागले. मी पुस्तकातलं म्हटलं, की बाजाराच्या रीतीप्रमाणे विक्रेत्याने टक्केवारीनुसार योगदान देणं अपेक्षित असतं. दुसरी पळी. मी म्हटलं, साडेआठ. “बॉयलर वाईट आहे म्हणता? घर गार वाटतंय?” तिसरी पळी. आठ. मला घामातून पत्रातली अक्षरं पळताना दिसत होती. आजोबा मात्र दुपारी बागेत बसावं तसे बसले होते. मधूनच बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाठीवर मारून घेत होते आणि एकदा प्रेमाने माझ्याही पाठीवर मारली. सातवर आलो. साडेसहावर आलो. सहाच्या खाली जाता येत नव्हतं, खाली गेलो तर घर गेलं, म्हणून मी ओठ मिटून बसून राहिलो. पळीवर पळी पडत राहिली. किती वेळ गेला माहीत नाही. बाळाचं नाव काय ठेवायचं ते आठवेना. मग माझं स्वतःचंही आठवेना.

तेवढ्यात दार उघडलं. व्हर्ना उंबऱ्यावर उभी, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात साखरेच्या खड्यांची वाटी. आजोबांनी घाईघाईने माझं पत्र पुढे धरलं. (तेवढाच त्या पत्राचा उपयोग झाला.)

“किनुनेनआजोबा,” ती म्हणाली, “आमच्याकडे पैसे नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“डाउन पेमेंटचे आहेत. वरखर्चाला सहा हजार कमी पडतात. हे बघा.” तिने बाकावर एकवीस खडे मांडले, एकेक दहा हजारांचा. “बँक आम्हाला कर्ज देते ते घराच्या किमतीवर. वरखर्चाला म्हणून सुटे देत नाही. तुम्ही कागदावर सहा हजार वाढवलेत तर जवळजवळ तेवढंच कर्ज वाढतं. ते तुमच्या हाती येतात, तुम्ही इकडे सरकवता, वरखर्च भागतो. तुमचे दोन लाख चार तुमच्याचकडे राहतात. सहा हजार आम्हीच फेडायचे, तीस वर्षं.”

आजोबा खड्यांकडे बघत राहिले. “म्हणजे पैसे तुमचेच. माझ्या खिशातून नुसते फिरून जाणार.”

“हो.”

“आणि हे बँकेला माहीत आहे? लपवाछपवी नाही?”

“सगळं कागदावर. त्यांचा माणूस येऊन घर दोन लाख दहाचं आहे असं म्हणाला, तरच.”

“मग हा पोरगा तासभर मला टक्केवारी काय सांगत होता?” आजोबा माझ्याकडे वळले. “अरे, मला वाटलं तुझ्याकडे आहेत आणि म्हाताऱ्याला कमी द्यायचे आहेत. नाहीत, असं तोंड उघडून एकदाही म्हणाला नाहीस!”

मी काहीतरी उत्तर दिलं म्हणतात. मला आठवत नाही, कारण त्याच वेळी मी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आलो, पाय न वापरता. आजोबांनी मला खांद्यावर टाकून मागच्या अंगणात नेलं आणि बर्फात ठेवलं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस! मग आत आणून वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी दिली. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी पहिला, सहा हजारांचा कागद सरळ केला आणि सही करण्याआधी व्हर्नाला म्हणाले, “हे घर घेतलं तेव्हा आमची आयली अशीच होती. सातवा. वरखर्च तिच्या भावाने दिला होता. मी त्याला सांगितलं होतं की पैसे आहेत.” मग सही केली, मोठी, कागदाच्या कडेपर्यंत.

बॉयलर ते स्वतः दुरुस्त करून देणार आहेत. त्याबदल्यात दर शनिवारी सॉना घ्यायला येणार. मार्लिसबाईंनी हे कलम करारात घालायला साफ नकार दिला, म्हणून आम्ही हात मिळवून ठरवलं. बँकेच्या माणसाने घराची किंमत दोन लाख दहाच धरली. (जाता जाता: किमतीच्या तीन टक्क्यांवर, म्हणजे सहा हजार तीनशेच्या वर, एक डॉलर क्रेडिटही बँक आम्हाला घेऊ देणार नव्हती. मार्लिसबाई फोनवर तेच ओरडत होत्या म्हणे.) तर असा मी हा व्यवहार तडीस नेला. सगळ्यांचं म्हणणं आहे की माझ्या चिकाटीशिवाय हे झालं नसतं. सगळ्यांना अजून मी विचारलेलं नाही.

सगळ्यांना नमस्कार, शेजारच्या पत्तेवाल्या बायकांनाही.

तुझा,
नॉर्बर्ट

ता. क. – सोबत एक कोरा छापील कागद आहे. घाबरू नकोस, बँकेचं बक्षीसपत्र आहे. झालं असं की वरखर्चाच्या उरलेल्या नऊशेंपैकी सहाशे ऐन वेळी कमी भरताहेत, आणि नातेवाइकाने दिले तर बँकेला चालतात. तू फक्त सही करायची. आणि चेक.

ता. क. २ – त्यात लिहिलं आहे की ही रक्कम परत मिळण्याची अपेक्षा नाही. ही अट बँकेची आहे, माझी नाही. तरी तू ती मनापासून पाळावीस असं वाटतं.

ता. क. ३ (अक्षर व्हर्नाचं) – मावशी, पाकीट टाकायला मी चालले आहे, म्हणून वाचलं. सहाशे आपोआप कमी झाले नाहीत. सही झाल्याच्या आनंदात यांनी मित्राबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायच्या टपरीत निम्मा वाटा घेतला. मी परवा तो मित्राच्या बायकोला परत केला, पैसे माझ्याकडे आले आहेत, बँकेचं काम झालं. तेव्हा काही पाठवू नकोस. मेमध्ये स्वतः ये. एक मात्र खरं: मी दार उघडेपर्यंत ते सहाच्या खाली आले नव्हते. मी बाहेरून ऐकत होते. आजोबा वर कॉफी ओतताना म्हणाले, इतका वेळ तर त्यांचा जावईही टिकला नव्हता.

पैशांचं मी यांना अजून सांगितलेलं नाही. काळजीत असले की भराभर सामान बांधतात. काल एका रात्रीत स्वयंपाकघर बांधून झालं. तेव्हा उत्तर जरा सावकाश पाठव. खालचं गॅरेज बाकी आहे.