सतराव्या ट्रेमधली हिरवी पानं

मंगळवार, ४ मार्च
आज साडेचारला सगळं बदललं. गव्हावर संशोधन करणारी ती म्हणाली, "चहाला येतोस?"

मला! कॉलेज अर्धवट सोडून काचघरात कुंड्या उचलणाऱ्याला! मी गव्हाच्या रोपांवर तांबेऱ्याची, पानांवर गंजासारखे ठिपके पाडणाऱ्या रोगाची, बुरशी फवारत होतो. फवारायची, वर ओलं प्लास्टिक ओढायचं, रात्रभर दमट ठेवायचं — तरच रोग धरतो. तिने रोग अडवायला रानगवताचं जनुक घातलेला गहू शेवटच्या, सतराव्या ट्रेमध्ये आहे.

सगळे तिला ताई म्हणतात. माझी जीभ वळत नाही. मी 'अहो' म्हणतो. माळीकाका म्हणाले, "लेका, अहो बायको म्हणते नवऱ्याला."

बुधवार, ५ मार्च
काल चहाच्या नादात सतराव्यावर प्लास्टिक ओढायचं राहिलं. सकाळी गुपचूप ओढलं. बोललो नाही कुणाला.

मंगळवार, १८ मार्च
बाकीच्या ट्रेमधली रोपं तांबेऱ्याने गंजलीत. सतराव्यात एक ठिपका नाही. टाळ्या काय, फोटो काय. तिच्या तीन वर्षांचं सोनं झालं म्हणे.

प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात एक साधं रोप असतं, जनुक न घातलेलं. ते आजारी पडायलाच हवं. सतराव्यातलं तेही टवटवीत. म्हणजे जनुकाने रोग अडवला नाही — रोग आलाच नाही. माझ्यामुळे.

बुधवार, १९ मार्च
काचघराचे प्रमुख असलेल्या सरांना सगळं सांगितलं. ते दार लावून म्हणाले, "शुक्रवारी प्रयोग तपासायला बाहेरची मंडळी येतायत. कोपऱ्यातलं रोप उपटून टाक."

"नाही उपटणार. परत फवारू. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पहिलं वर्ष पार न केलेल्याने मला शिकवू नये. उद्यापासून येऊ नकोस."

बाबा म्हणाले, "इथंही टिकला नाहीस." गप्प बसून टिकायचं असेल तर नाही टिकत मी. जनुक खरं असेलही. मग त्याला खोट्याचा टेकू कशाला?

गुरुवार, २० मार्च
तिला सांगायला तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला.

शुक्रवार, २१ मार्च
ती सकाळीच घरी आली. हात धरून म्हणाली, "रोप मीच उपटलं. ते टवटवीत आहे हे मला मंगळवारीच दिसलं होतं. तू फक्त गप्प राहा. माझ्यासाठी."

किती दिवस वाट पाहिली होती या हाताची. सोडवून घेतला.

आता पुरावा म्हणजे फक्त माझं तोंड. मंडळी दहाला यायचीत, फाटकावरच गाठतो. ती पुढच्या खोलीत आईपाशी बसलीय. तिच्यासमोरूनच जाणार. मागे दार ओढून घेऊन.