पडद्यावर पुसलेलं कुंकू

१९ सप्टें., शुक्र.
सावीचा सिनेमा लागला. हाफ डे टाकून चाकणहून थेट चिंचवडला, तीनचा शो. मी, सुनीता, सावी. अकरा वर्षांचं लेकरू माझं, आणि काम काय, तर ऊसतोड टोळीतली पोर, लग्न झालेली, नवरा ट्रॅक्टरखाली जातो. आजीची बीडची बोली तोंडात म्हणून घेतली तिला. शूटिंगला सुनीता असायची, मला सुट्टी कुठली. बायका कुंकू पुसायला पुढं आल्या आणि मी उठलोच. पॉपकॉर्नवाल्यापाशी उभा राहिलो, परत आत गेलो नाही. कंपनीतून फोन होता म्हणालो.

२२ सप्टें., सोम. घट बसले.
कंपनीच्या बसमध्ये तोच विषय. माने म्हणाला, "आपण नसतं करू दिलं राव, एवढ्याशा पोरीला." बघितलास का म्हटलं, तर ट्रेलर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, आईबापाला हौस. बरं लिहिणारेही आहेत. पण ते वाचून विसरतो, हे डोक्यात बसतं.

२६ सप्टें., शुक्र.
खालच्या मजल्यावरच्या काकू अष्टमीला कुमारिका जेवू घालतात. पुनावळ्यात आलो तेव्हापासून सावीचा पाट ठरलेला, चार वर्षांची होती. यंदा बी विंगच्या पोरींना सांगून आल्या, आमची बेल वाजवली नाही. सुनीतानं सरळ विचारलं. काकू म्हणाल्या, "पडद्यावर का होईना, कुंकू पुसलंय गं तिचं. देवीचं काम, मन धजत नाही."

डोकंच फिरलं. भांडायला गेलो. सिनेमा पाहिलात का विचारलं. नाही, सुनेनं मोबाइलवर तेवढाच तुकडा दाखवला. बोलता बोलता काकूंचेच डोळे भरले. सावीला डेंग्यू झाला तेव्हा दोन दिवस दवाखान्यात बसलेली बाई ही. तिच्यावर किती चिडणार? न बघता कसं बोलता, असं म्हणायचं होतं. कोणत्या तोंडानं म्हणू. वर आलो.

२८ सप्टें., रवि.
त्याच डायरेक्टरचा फोन, पुढच्या सिनेमासाठी. सावी नको म्हणाली. मला वाटलं, काकूंचं लागलं असेल. सुनीता भाजी निवडत होती, हळूच म्हणाली, काकूंचं नाही, ती म्हणते पप्पांना माझी लाज वाटली, ते उठून गेले.
दिवसभर कशातच लक्ष नाही.

३० सप्टें., मंगळ. अष्टमी.
सुट्टी टाकली. सुपरवायझर कुरकुरला, कुरकुरू दे. घरीच पाट मांडला. सुनीतानं पुरण घातलं. पाय मी धुतले सावीचे. गुदगुल्या होतात म्हणून सारखी पाय ओढून घेत होती. केवढे झालेत पाय, टाचेला शाळेच्या बुटाचा घट्टा. हळद लावली, कुंकवाचं बोट मात्र कपाळापाशीच अडलं माझं. ते तिनं बघितलं.
विचारलंच तिनं. "पप्पा, मी वाईट केलं का काम?"
लाज नव्हती गं, बघवलं नाही, तू खरीच वाटलीस, एवढं कसंबसं बोललो. तरी बघतच राहिली. मग खरं सांगितलं, चांगलं की वाईट कसं सांगू, मी बघितलंच नाही.
"काकूंनीपण नाही बघितलं," ती म्हणाली. रागानं नाही. पुरणपोळी खायला लागली.

१ ऑक्टो., बुध.
आता एकच शो उरलाय, शुक्रवारी सकाळी अकराचा. मानेबरोबर शिफ्ट बदलली. सावी स्वतः जाऊन काकूंनाही विचारून आली. बघते म्हणाल्या. डायरेक्टरला अजून काही कळवलेलं नाही, शुक्रवारनंतर सांगते म्हणतेय.
मघाशी अभ्यास सोडून आली. "तो सीन यायच्या आधी सांगू का तुम्हाला?"
नको सांगू म्हटलं. बसवेल का, माहीत नाही. माझ्या शेजारीच बसणार आहे म्हणाली.